चारमथच्या किनाऱ्यावर अ‍ॅमोनाइट शोधायला जाताय? मग हे वाचून जा

लंडनमधले बरेच जण विचारतात की ते जीवाश्म वगैरे गोळा करायला नक्की कुठे जायचं, परवानगी लागते का, हातोडी कुठली घ्यायची, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. ठिकाण एकच सांगेन, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या डॉर्सेटमधलं चारमथ, आणि त्याला लागून असलेलं लाइम रीजिस. वॉटरलूहून एक्झिटरच्या गाडीत बसायचं, अ‍ॅक्समिन्स्टरला उतरायचं, तिथून बस. हा सगळा पट्टा जुरासिक कोस्ट म्हणून २००१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, पण तरी इथे सुटे पडलेले जीवाश्म उचलायला सर्वसामान्य माणसाला मुभा आहे, आणि हीच चारमथची खरी मजा.

थोडं मागचं सांगतो, कारण ते कळलं की शोधणं सोपं जातं. साधारण १९-२० कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार समुद्र होता, तळाशी काळा मऊ गाळ, आणि त्या गाळात ऑक्सिजन जवळपास नाहीच. वर पोहणारे अ‍ॅमोनाइट (वेटोळ्या शंखातले समुद्री प्राणी) मेले की शंख तळाला जाऊन गाळात रुतायचे. दिसायला गोगलगाय वाटली तरी नातं तिचं नाही, स्क्विड आणि ऑक्टोपसचं. डायनोसॉर संपले त्याच सुमारास, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, हेही संपले. आता तो गाळ दगड होऊन कड्यात बसलाय, दर पावसाळी थंडीत कडा ढासळतो, चिखल समुद्रात धुवून जातो आणि जड वस्तू किनाऱ्यावर राहतात. म्हणजे तुमचं निम्मं काम समुद्रच करून ठेवतो.

त्यामुळे जायचं कधी, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत नाही. ऑक्टोबर ते मार्च, आणि त्यातही वादळ होऊन गेल्यावर लगेच. उन्हाळ्यात किनारा आईस्क्रीमवाल्यांचा आणि पोराटोरांचा असतो, दगड आधीच शंभर जणांनी उलटे करून पाहिलेले असतात.

वेळ मात्र घड्याळ नाही, भरती-ओहोटीचा तक्ता बघून ठरवायची. ओहोटी चालू असताना उतरायचं आणि पाणी परत वळायच्या आत माघारी फिरायचं, हे शंभर टक्के पाळा. चारमथ आणि लाइम रीजिसच्या मधे भरतीला पाणी थेट कड्याच्या पायथ्याशी येतं, पुढे समुद्र आणि मागे ढासळता कडा अशी कोंडी होते, आणि दरवर्षी कोणी ना कोणी तिथे अडकतंच. कड्याखाली बसून डबा खायचा नाही. कड्याच्या पोटातून आलेल्या चिखलाच्या ओघळावर पाय ठेवायचा नाही, वरून सुकलेला दिसतो आणि गुडघ्यापर्यंत आत घेतो. मे २००८ मध्ये ह्याच दोन गावांच्या मधली सुमारे ४०० मीटर लांबीची दरड खाली आली होती. मेरी अ‍ॅनिंग, लाइम रीजिसची जीवाश्म शोधणारी, जिने इथलं पहिलं पूर्ण प्लेसिओसॉर (लांब मानेचा समुद्री सरपटणारा प्राणी) १८२३ मध्ये शोधलं, तिचा कुत्रा १८३३ मध्ये अशाच दरडीखाली तिच्या डोळ्यांदेखत गेला, आणि तिचं तर सगळं आयुष्य ह्या कड्यांखाली गेलं होतं.

आता हातोडी. माझं स्पष्ट मत, पहिल्या खेपेला हातोडी घरीच ठेवा. नवीन माणूस हातोडी घेऊन गेला की दिसेल तो दगड फोडत सुटतो, संध्याकाळी हात दुखतात आणि पिशवीत काही नसतं. इथे डोळे चालवायचे असतात. कड्यात खणायला तर बंदीच आहे, नियमच आहे तो, तेव्हा हातोडीचा उपयोग फक्त सुट्या गोट्यांपुरता.

खालच्या वाळूत आणि बारीक खड्यांत जे सापडतं ते पायराइट नावाच्या पितळी खनिजाचं अ‍ॅमोनाइट. त्या बिनऑक्सिजनच्या गाळात शंखाच्या आतल्या कप्प्यांमध्ये लोह आणि गंधक एकत्र येऊन पायराइट भरलं गेलं, बाहेरचा मोठा भाग बऱ्याचदा चेपून गेला आणि आतली वेटोळी तेवढी शाबूत राहिली, म्हणून हे तुकडे बहुतेक नखाएवढे किंवा एक रुपयाच्या नाण्याएवढे असतात. शोधायची युक्ती अशी. पायराइटची घनता ५ च्या आसपास आणि आजूबाजूच्या चकमकीच्या गोट्यांची २.६, म्हणजे लाट दोघांना एकत्र ठेवतच नाही. मोठ्या दगडांच्या मागे, छोट्या खळग्यांमध्ये, जिथे काळपट चमकदार बारीक खडी साचलेली दिसेल तिथे गुडघ्यावर बसा आणि उठू नका. चालत चालत शोधणाऱ्याला काही मिळत नाही. एक हातभर जागा घ्या, बोटाने वरचा थर हळूच बाजूला करा. आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे बेलेम्नाइट (स्क्विडसारख्या प्राण्यांचे जीवाश्म) दिसतील, ते दिसले की समजायचं जागा बरोबर आहे. मग नुसते पायराइटचे ओबडधोबड गोळे भरपूर दिसतील, ते सोडा. आणि मग अचानक चकलीसारखी वेटोळी, प्रत्येक वेटोळ्यावर एकसारख्या आडव्या बरगड्या, ओलं असताना पितळी रंग. एक दिसलं की डोळ्याला सवय लागते, पुढचे पटापट दिसतात. हे नेमकं कसं होतं माहीत नाही पण सगळ्यांचंच होतं.

दुसरा प्रकार चुनखडीच्या गोट्यांतला. करडा, गुळगुळीत, चपटा गोल दगड बघायचा, आणि त्याच्या कडेला बरगड्यांची किंवा शंखाच्या पाठीची पुसट रेघ बाहेर आलीय का ते निरखायचं. रेघ असेल तरच हातोडी, आणि तीही भूशास्त्रवाल्यांचीच घ्या, सुतारकामाच्या हातोडीचा पोलादी कपचा उडून डोळ्यात जाऊ शकतो. गॉगल हवाच. दगड दुसऱ्या मोठ्या दगडावर उभा धरून कडेवर मारायचं, मधोमध नाही. दोन तुकडे झाले तर दोन्ही घ्या, वर्तमानपत्रात वेगवेगळे गुंडाळा, मागाहून जोडता येतात.

रेअर म्हणजे काय, ह्यावर जरा भांडतो. प्रोमायक्रोसेरास नावाचा छोटा अ‍ॅमोनाइट इथे पैशाला पासरी, एकिओसेरासही बऱ्यापैकी मिळतो, गोल दोरखंडासारखी भरपूर वेटोळी असलेला. अ‍ॅस्टेरोसेरास मोठा आणि पूर्ण मिळाला, आतले कप्पे कॅल्साइटने, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाने, भरलेले, तर तो खरंच मोठा योग. पण साधा प्रकारसुद्धा कुठल्या थरातून आला हे नक्की माहीत असेल तर अभ्यासकाला तो जास्त किमतीचा, कारण अ‍ॅमोनाइटच्या जाती भराभर बदलत गेल्या आणि त्यांच्यावरूनच जुरासिक खडकांचे थर एकमेकांशी जुळवतात. म्हणून पिशवीत टाकायच्या आधी मोबाईलवर जागेचा फोटो काढा, शेजारी नाणं ठेवून वस्तूचा फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा, आणि घरी आल्यावर त्याच रात्री चिठ्ठी लिहा: तारीख, जागा, कड्याच्या कुठल्या बाजूला, वाळूत सुटा की गोट्यात. बिनचिठ्ठीचा जीवाश्म म्हणजे शोभेचा दगड, कितीही सुंदर असो.

काही खास वाटलं तर चारमथच्या किनाऱ्यावरच हेरिटेज कोस्ट सेंटर आहे, तिथे नेऊन दाखवा. ओळखून देतात, आणि शास्त्रीय दृष्टीने महत्त्वाची वस्तू असेल तर तिची नोंद करणं इथल्या नियमावलीत आहेच. पहिल्यांदा जाताय तर त्यांची किंवा लाइम रीजिसच्या म्युझियमची फॉसिल वॉक (माहितगारासोबत किनाऱ्यावरची फेरी) घ्या, पैसे वसूल. म्युझियम मेरी अ‍ॅनिंगच्या घराच्या जागेवरच उभं आहे. आणि लाइमच्या पश्चिमेला मॉनमाउथ बीचवर दोन-दोन फुटी अ‍ॅमोनाइट खडकाच्या फरशीत बसलेत ते बघायला जा, पण ते बघायचेच, त्यांना छिन्नी लावायची नाही. तरी कोणी ना कोणी लावतं, संताप येतो.

घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजत घाला, पाणी रोज बदला, चार-पाच दिवसांत मीठ निघून जातं. मग पूर्ण, अगदी पूर्ण वाळू द्या. व्हिनेगरमध्ये टाकून साफ करा असं सांगणारे व्हिडिओ दिसतील, त्यांच्या नादी लागू नका, कॅल्साइटचा अ‍ॅमोनाइट दगडासकट विरघळायला लागेल. जुना टूथब्रश आणि सुई पुरे.

पायराइटवाल्यांचं दुखणं वेगळं. हवेतल्या ओलाव्याने पायराइट सडतं, म्हणजे त्यातल्या गंधकाचं आम्ल बनत जातं, आधी बारीक भेगा, मग पांढरी-पिवळी भुकटी आणि आंबूस उग्र वास, आणि ते आम्ल खालची चिठ्ठी आणि खोकंसुद्धा खातं. एकाला लागलं की त्याला लगेच बाकीच्यांपासून वेगळा काढा. हवाबंद डबी, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्या वेळोवेळी बदलायच्या, एवढंच करता येतं. हाताळायचं कोरड्या हातांनी.

आता हे भारतात न्यायचे असतील तर नीट ऐका. आपल्याकडे सह्याद्रीत कोणी अ‍ॅमोनाइट शोधायला जात नाही कारण तो सगळा लाव्हाचा काळा दगड, समुद्राचा गाळ नव्हेच, त्यासाठी कच्छ किंवा तामिळनाडूतलं अरियलूर गाठावं लागतं. म्हणून घरच्यांना ह्याचं अप्रूप फार. पण पायराइटचा चमकणारा तुकडा मुंबईत किंवा रत्नागिरीत जून ते सप्टेंबर कपाटावर उघडा राहिला तर दोन-तीन पावसाळ्यांत त्याची भुकटी होऊ शकते. त्यात चक्र बघून आजी त्याला देवघरात शाळिग्रामाशेजारी ठेवणार आणि रोज अभिषेक घालणार हे गृहीत धरा. शाळिग्रामही अ‍ॅमोनाइटचाच, नेपाळच्या काली गंडकीतला, पण तो काळ्या कठीण गोट्यातला, त्याला पाणी चालतं. तेव्हा घरी द्यायला चुनखडीच्या गोट्यातला, कॅल्साइटचा न्या आणि पितळी वाले इथेच डबीत ठेवा.