सिंगल कॉइल की हंबकर? टोनची तुलना करताना या चुका टाळा

सिंगल कॉइल आणि हंबकर हे इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपचे, म्हणजे तारांखाली बसवलेल्या, तारेची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाचे, दोन प्रकार. दोन गिटार एकाच अ‍ॅम्पला आळीपाळीने लावायच्या आणि दोन कॉर्ड वाजवून ‘ही भारी’ म्हणायचं, अशी तुलना पुण्यात दुकानांत आणि जॅम रूममध्ये नेहमी चालते. तिच्यात बहुतेक वेळा टोन नाही, जास्त मोठा आवाज जिंकतो.

हंबकरचा सिग्नल सहसा सिंगल कॉइलपेक्षा जोरकस असतो, आणि मोठा आवाज कानाला आपोआप भरीव वाटतो. म्हणून आधी पातळी जुळवा. पण गिटारचा व्हॉल्यूम नॉब कमी करून नको. बऱ्याच गिटारमध्ये त्याने ट्रेबलही जातं आणि हंबकर उगाच दबका वाटतो. अ‍ॅम्पच्या मास्टर व्हॉल्यूमवर जुळवा, किंवा दोन्ही रेकॉर्ड करून मग लेव्हल सारखी करा. सुरुवात क्लीन, म्हणजे न फाटलेल्या, टोनवर करा. डिस्टॉर्शनवर (मुद्दाम फाटवलेल्या आवाजावर) जोरकस पिकअप अ‍ॅम्पला जास्त ढकलतो, म्हणजे गेनच (आवाज किती फाटतो तेच) बदलतो. ती तुलना वेगळी, नंतर करायची.

ब्रिज पिकअपची (तारा जिथे बॉडीवर टेकतात त्या ब्रिजजवळच्या) तुलना ब्रिज पिकअपशीच करा, नेक पिकअपशी (गिटारच्या मानेजवळच्या) नको. टेलिकास्टरचा ब्रिज पिकअप आणि लेस पॉलचा नेक पिकअप ऐकून ‘सिंगल कॉइल टोचतो’ म्हणणं त्या पिकअपवर अन्याय आहे. ब्रिजजवळ कुठलाही पिकअप तिखटच ऐकू येतो. तारांचंही तेच. एकीवर नव्या तारा आणि दुसरीवर पावसाळ्यात गंजलेल्या असतील, तर नव्या तारांची चमक पिकअपच्या नावावर जमा होते.

पिकअपची उंची फार कमी जण तपासतात. सिंगल कॉइलची चुंबकं तारेच्या फार जवळ आली की तार ओढली जाते, आणि जाड ई तारेवर बाराव्या फ्रेटच्या वर सूर डळमळतो. शेवटचा फ्रेट दाबून पिकअप आणि तार यांत साधारण २ मिलीमीटर अंतर ठेवून सुरुवात करा, मग कानाने ठरवा.

आता गुणगुण. सिंगल कॉइल घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पकडतो; पी-९० हा पिकअप दिसायला रुंद असला तरी तोही सिंगल कॉइलच, तोही गुणगुणतो. हंबकरमध्ये दोन कॉइल आणि त्यांची चुंबकं उलट जोडलेली असतात, त्यामुळे तारेचा सिग्नल मिळतो आणि गुणगुण एकमेकींना मारते. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यामुळे घरी सिंगल कॉइलची गुणगुण ऐकू आली म्हणून पिकअप खराब ठरवू नका. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी दिवे, लॅपटॉपचा चार्जर एकेक बंद करून पाहा, बसल्या जागी थोडं वळून पाहा. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर मात्र वाजवणं तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या इमारतींत हे आवर्जून करा. अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा उपाय कुणी सुचवला तर अजिबात ऐकू नका. तो जिवावर बेतू शकतो.

पिकअप बदलून घेणार असाल तर पॉटही (व्हॉल्यूम आणि टोन नॉबखालचा बदलता रेझिस्टर) विचारा. सिंगल कॉइलला सहसा २५० के (किलो-ओहम), हंबकरला ५०० के लावतात. सिंगल कॉइलवाल्या स्ट्रॅटमध्ये (स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये) हंबकर बसवून जुने २५० केचे पॉट तसेच ठेवले, तर ट्रेबल दबतं आणि दोष नव्या पिकअपवर येतो.