स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला नर्स म्हणून येताय? मग हा 'डाउट' आधी समजून घ्या

ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, मग सीबीटी, ऑस्की, एनएमसीचा पिन ही नर्सच्या नोंदणीची वाट तुम्हाला ठाऊक आहे, त्यावर मी लिहीत बसत नाही. वॉर्डात उभं राहिल्यावर जे होतं ते सांगते.

स्पष्टच सांगते, ओईटीत कितीही चांगला स्कोअर असला तरी सुरुवातीला वयस्कर पेशंटचं निम्मं बोलणं डोक्यावरून जातं. रडू येतं, मलाही यायचं. पण तुमचं इंग्रजी कच्चं आहे असं मनात आणू नका. समोरचे आजोबा बऱ्याचदा इंग्रजी बोलतच नसतात, ते स्कॉट्स बोलत असतात. इंग्रजीची ही सख्खी बहीण. 2022 च्या जनगणनेत सुमारे 15 लाख लोकांनी ही भाषा बोलता येते असं नोंदवलं आणि 2025 च्या कायद्याने तिला स्कॉटलंडच्याच गेलिक भाषेच्या बरोबरीने अधिकृत दर्जा मिळाला. अ‍ॅबर्डीनकडची तिची बोली म्हणजे डोरिक.

डोरिकचं कुलूप एका अक्षराने बरंचसं उघडतं: 'व्ह'च्या जागी 'फ'. व्हॉटचं फिट, व्हेअरचं फार, व्हेनचं फॅन. हूचं फा आणि हाऊचं फू हेही त्याच घरातले. "फिट लाइक, क्वाइन?" म्हणजे "काय गं पोरी, कशी आहेस?" क्वाइन म्हणजे मुलगी, लून म्हणजे मुलगा. कुणी क्वाइन म्हटलं तर राग मानू नका, माया असते त्यात.

शरीराचे शब्द मात्र पहिल्या आठवड्यातच पाठ करा. होस्ट म्हणजे खोकला, पेख म्हणजे धाप, किस्ट छाती, वेम पोट, थ्रॅपल घसा, लग कान. ऑक्स्टर म्हणजे काख, थर्मामीटर लावताना रोज लागेल. बोक म्हणजे उमासा, कधी थेट उलटीच. जखम बीलिन झाली म्हणजे पू धरलाय. कुणी 'स्काइट' झालं म्हणजे घसरलं, मग स्टुकी, म्हणजे प्लास्टर. जॅग म्हणजे इंजेक्शन, हा शब्द डॉक्टरही वापरतात. आणि "टुक अ ड्वाम" ऐकलंत तर हातातलं काम टाकून नीट चौकशी करा, माणसाला भोवळ आलेली असते.

पण या शब्दांनी घात होत नाही. न कळलेला शब्द आपण विचारतोच. घात होतो तो आपल्याला येतो असं वाटणाऱ्या शब्दाने.

एका आजींनी मला हलक्या आवाजात सांगितलं, "आय डाउट आयम गोइंग टू बी सीक." उच्चार 'दूट' असा. मला वाटलं, उलटी होईल असं त्यांना वाटत नाहीये. मी "गुड, गुड" म्हणत चादर सारखी केली आणि पुढच्या बेडकडे वळले. माझ्यासोबतची सपोर्ट वर्कर, इथलीच, तोवर पुठ्ठ्याचं भांडं घेऊन त्यांच्या हनुवटीखाली पोचलीसुद्धा.

हे पुन्हा नीट वाचा. स्कॉट्समध्ये "आय डाउट" म्हणजे "मला भीती वाटतेय की असं होणार." "आय डाउट इट्ल रेन" म्हणजे पाऊस येणार असं दिसतंय. "आय डाउट ही'ज हॅड अ फॉल" म्हणजे ते पडलेले दिसतायत! पुस्तकी इंग्रजीत अर्थ बरोब्बर उलटा. गंमत म्हणजे आपली मराठी इथे स्कॉट्सच्या बाजूने आहे. "मला शंका येतेय, हिला ताप येणार" असं आपण म्हणतो तेव्हा ताप येणार असंच म्हणायचं असतं. शाळेत बाईंनी असा 'डाउट' लाल शाईने खोडलेला असतो, इथे तोच बरोबर. नुसतं "आय डाउट इट" मात्र बहुतेकदा नेहमीच्याच अर्थाने येतं, आणि इथले सगळेच जुन्या वळणाचं बोलत नाहीत. म्हणून अंदाज बांधू नका. तिथल्या तिथे विचारा: "सो यू थिंक यू विल बी सीक?" हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती देतानाही हेच. नोंद करताना पेशंटचे शब्द अवतरणात जसेच्या तसे लिहा आणि त्यांच्याकडून खात्री केलेला अर्थ शेजारी.

याच जातीचे आणखी काही: द मॉर्न म्हणजे उद्या, सकाळ नव्हे. गोळी "द मॉर्न" घेतो म्हणाले तर आजची राहिली! "डू यू माइंड?" म्हणजे कधीकधी "आठवतंय का?" ग्रीट म्हणजे रडणं. "व्हेअर डू यू स्टे?" म्हणजे राहता कुठे. मेसेजेस आणायला निघालेली मुलगी किराणा आणायला गेलेली असते.

'स्कॉटिश स्लँग' शिकवणाऱ्या रील्सवर वेळ घालवू नका. त्यात निम्म्या शिव्या असतात आणि ग्लासगोचं बोलणं अ‍ॅबर्डीनच्या नावावर खपवतात. तिकडे लहान मूल 'वेन', पूर्व किनाऱ्यावर 'बेर्न'. क्लासवाल्यांनी पैसे घेऊन यातलं काहीच शिकवलं नाही याचा मला अजून राग आहे. शब्द अडला तर 'डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज' ऑनलाइन फुकट आहे. 1931 ते 1976 या काळात दहा खंडांत निघालेला मोठा कोश त्यात आहे, कोणता शब्द कुठल्या भागातला तेही कळतं.

आणि मेंटॉर म्हणून नेमलेली व्यक्ती चांगली असेलच, पण भाषा सपोर्ट वर्करकडून आणि सफाईला येणाऱ्या मावशींकडून शिका. त्या पेशंटच्याच गल्लीत वाढलेल्या असतात. विचारलं तर हसत नाहीत, कामं सोडून समजावतात. त्यांचा उच्चार उचलायला जाऊ नका, पेशंटला ती थट्टा वाटू शकते. कळलं पाहिजे, एवढं पुरे. ते येतं. मलाही आलं, आणि मी फोनवर एखाद्या पेशंटच्या मुलाचं डोरिक ऐकून घाबरून रिसीव्हर दुसऱ्याच्या हातात देणारी होते.