गेलेल्या सोबत्याच्या आठवणीत दिवा करताय? या चुका टाळा

कुत्रा किंवा मांजर गेल्यावर हात लावला की उजळणारा दिवा घरीच करणारे बरेच जण एकाच ठिकाणी फसतात. दिवा हाकेला ओ देण्याऐवजी स्वतःच हाका मारू लागतो.

दोष बहुधा पीआयआर सेन्सरचा, म्हणजे हालचाल टिपायला लावतात त्या सेन्सरचा. त्याला उष्णतेतला बदल कळतो, माणूस कळत नाही. ऊन सरकलं, गरम हवेची झुळूक आली, तरी तो फसतो. रात्री रिकाम्या खोलीत, नेमका गेलेल्या सोबत्याच्या अंथरुणापाशी दिवा आपोआप लागला की काळजात चर्र होतं. म्हणून स्पर्शच बरा. मूळ ईएसपी32 या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डला टच पिन, म्हणजे स्पर्श ओळखणाऱ्या पिना असतात. पातळ लाकडाखाली अशा पिनेला जोडलेली तांब्याची पट्टी चिकटवा, वरून हात फिरवला की पुरतं. दमट हवेत रीडिंग सरकतं, तेव्हा स्पर्शाची मर्यादा प्रोग्रॅममध्ये कायमची ठोकून देऊ नका. दिवा सुरू होताना दरवेळी नव्याने मोजू द्या.

आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर? घरात दुसरं जनावर असेल तर मुळीच नको. त्यातल्या एचसी-एसआर04 या सेन्सरचा आवाज 40 किलोहर्ट्‌झचा असतो. आपल्याला तो ऐकू येत नाही, कुत्र्या-मांजरांना येतो. त्यांचाही जोडीदार गेलाय, त्यात ही कटकट कशाला?

उजेडाचा श्वास, म्हणजे श्वासासारखा हळू चढणारा-उतरणारा उजेड, हा तर सगळ्यात नाजूक भाग. झोपलेल्या निरोगी कुत्र्या-मांजराचा श्वास साधारणपणे मिनिटाला 30 च्या आत असतो. हृदयविकारात तो वाढतो, म्हणून डॉक्टर घरी मोजायला सांगतात. ज्यांनी शेवटच्या दिवसांत घड्याळ लावून ते श्वास मोजलेत, त्यांना भरभर धपापणारा दिवा बघवणार नाही. मिनिटाला 15-20 पुरे. गॅमा करेक्शनही, म्हणजे डोळ्याला उजेड एकसारखा चढताना दिसावा म्हणून प्रोग्रॅममध्ये केलेला बदल, लावा, नाहीतर उजेड हळूहळू चढण्याऐवजी सुरुवातीलाच झपकन वाढल्यासारखा दिसतो.

हात लावताच दिवा लुकलुकून बोर्ड रीस्टार्ट होतोय? वीज कमी पडतेय. डब्ल्यूएस2812बी या रंगीत एलईडी पट्टीचा एक एलईडी पूर्ण पांढऱ्यावर सुमारे 60 मिलिअँपिअर घेतो. 30 एलईडींचे 1.8 अँपिअर झाले. कॉम्प्युटरच्या यूएसबीवर विसंबू नका, 5 व्होल्ट 3 अँपिअरचा अडॅप्टर घ्या आणि अडॅप्टर, बोर्ड आणि एलईडी पट्टीचे ग्राउंड एकत्र जोडा. रंग वेडेवाकडे येत असतील तर बोर्डचा 3.3 व्होल्टचा सिग्नल एलईडी पट्टीला अपुरा पडत असेल. तो 5 व्होल्टपर्यंत चढवणारा लेव्हल शिफ्टर लावा.

आणि बंद करायचं बटण हाताशी ठेवा. घरातल्या प्रत्येकाला तो रोज बघवेलच असं नाही.