‘खूप मजा आली’च्या पुढे काय?

तिसरी-चौथीच्या वहीतली गोष्ट बहुधा अशी असते: ‘आम्ही जत्रेला गेलो. पाळण्यात बसलो. खूप मजा आली.’ त्यावर ‘अजून वर्णन कर’ असा लाल शेरा मारला की मुलं विशेषणं ओततात. सुंदर जत्रा, मोठा पाळणा. चित्र काही उभं राहत नाही, कारण अख्खी जत्रा एका पानात उरकायची असते.

म्हणून आधी एकच मिनिट निवडायला लावायचं. पाळणा वर जाऊन थांबला, तेवढंच. मग तोंडी प्रश्न: हातात काय धरलं होतंस? गार होतं की तापलेलं? खालून कसला आवाज येत होता? ‘कसं वाटलं?’ मात्र विचारू नका, उत्तर हमखास ‘मस्त’ येतं. शेजारच्याला पाच मिनिटं सांगून झालं की मगच पेन्सिल. मग ‘मी घाबरलो’च्या जागी ‘दांडी इतकी घट्ट धरली की हाताला गंजाचा वास आला’ असं काहीतरी येतं.

पाचही इंद्रियांचा तक्ता भरून घेण्याचा मोह टाळा. मुलं प्रत्येक रकान्याला एक वाक्य देतात आणि पाळण्याचीही चव घेऊन मोकळी होतात! दोन इंद्रियं पुरेत, त्यातलं एक डोळ्यांखेरीज.

पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घ तपासू नका. ‘खरखरीत’ लिहिताना चुकेल या धास्तीनं मूल ‘छान’वर भागवतं. बोलीतले शब्द राहू द्यात. दुसऱ्या खर्ड्यात काम एकच: एक ‘छान’ खोडून तिथे नेमकं काय दिसलं ते लिहायचं.