सहकार्याचं तंत्रज्ञान शिकवायला घेताय? थोडं अनुभवाचं

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला मी एक इलेक्टिव्ह शिकवते. चार माणसं मिळून जे काम करतात, त्याला हातभार लावणारं सॉफ्टवेअर कसं घडवायचं, असा त्याचा विषय. हा विषय पहिल्यांदाच अंगावर आलेल्या तरुण सहकाऱ्यांचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो, सुरुवात कुठून करू? माझं उत्तर ठरलेलं आहे: पहिले काही आठवडे लॅपटॉप उघडू देऊ नका.

मुलं हुशार असतात, त्यांचे हात शिवशिवत असतात. विषय सांगून होईपर्यंत ‘मॅडम, लॉगिन देऊ, चॅट टाकू, नोटिफिकेशन पाठवू’ सुरू झालेलं असतं. पण माणसं एकत्र काम करताना न बोलता, न ठरवता एकमेकांना काय काय पुरवत असतात, हे त्यांनी अजून नीट पाहिलेलं नसतं. ते पाहिल्याशिवाय केलेलं कोडिंग पुढे टिकत नाही.

म्हणून मी त्यांना बचत गटाच्या मासिक बैठकीला पाठवते. सहयोगिनी ताईंमार्फत, म्हणजे बचत गटांना मदत करणाऱ्या कार्यकर्तीमार्फत, गटाची परवानगी आधी घ्यायची, एका बैठकीला दोघांनीच जायचं, फोटो काढायचे नाहीत आणि कुणाच्या कर्जाचा आकडा आपल्या वहीत उतरवायचा नाही. या अटी मी कधीच सैल करत नाही. बैठकीत पंधराएक बायका सतरंजीवर गोल करून बसतात, मध्ये पेटी आणि नोंदवही. एकेक जण हप्ता देते, सचिव नाव आणि रक्कम मोठ्याने वाचते, दुसरी कुणीतरी पैसे मोजते, मग वहीत आणि पासबुकात नोंद होते. एका बैठकीत भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींना वाचता येत नव्हतं. सचिवाने कुणाचा तरी हप्ता वाचला, तशा त्या म्हणाल्या, ‘तिचं मागच्या महिन्याचं राहिलंय, तेही धर.’ मुलांनी हे वाक्य जसंच्या तसं टिपून आणलं, याचं मला फार कौतुक वाटलं. हिशोब मोठ्याने वाचला जातो म्हणूनच तो सगळ्यांचा राहतो. ज्यांना अक्षर येत नाही त्यांचाही त्यावर पहारा असतो.

आणि मुलांचं पहिलं डिझाइन काय असतं? सचिवाच्या मोबाइलवर ॲप, बाकीच्यांना एसएमएस. म्हणजे पंधरा जणींच्या कानावर पडणारा हिशोब एकीच्या खिशात गेला.

इथे मी लंडनची गोष्ट सांगते. तिथल्या भुयारी रेल्वेच्या बेकरलू मार्गाच्या नियंत्रण कक्षाचा ख्रिश्चन हीथ आणि पॉल लफ या संशोधकांनी बारकाईने अभ्यास केला, तो 1992 साली प्रसिद्ध झाला. गाड्यांचं वेळापत्रक सांभाळणारा नियंत्रक बदल करताना स्वतःशीच मोठ्याने बोलायचा. शेजारी बसून प्रवाशांसाठी घोषणा करणारा सहकारी आपलं काम करता करता ते ऐकायचा आणि कुणी न सांगता योग्य ती घोषणा करायचा. आजींचं वाक्य ऐकलेल्या मुलांना हे लगेच उमगतं. आधी संशोधन आणि मग बैठक असा क्रम लावलात तर तेवढं भिडत नाही, म्हणून क्रम उलटा करू नका.

दुसरा वाचायला लावायचाच असा लेख संशोधक जोनाथन ग्रुडिन यांचा, 1988 सालचा. अशी सॉफ्टवेअर का फसतात, त्याची कारणं त्यात दिली आहेत. त्यातलं एक वर्गात पुन्हा पुन्हा उपयोगी पडतं: जादा काम एकाला पडतं आणि फायदा दुसऱ्यालाच होतो. सचिव ताई वहीतही लिहिणार आणि ॲपमध्येही भरणार, तयार अहवाल मात्र बँकेला मिळणार. मी मुलांच्या प्रत्येक गटाला फळ्यावर दोनच रकाने आखायला लावते, ‘कष्ट कुणाचे’ आणि ‘लाभ कुणाला’. दोन्हीकडे वेगळी नावं आली की डिझाइन परत. एसएमएसचं डिझाइन आणलेल्या मुलांनी शेवटी फोन सतरंजीच्या मधोमध ठेवला. फोन नाव आणि रक्कम मराठीत मोठ्याने बोलतो, आणि पैसे मोजणारीने दाबल्याशिवाय नोंद पक्की होत नाही. वही होती तशीच ठेवली. मला ते डिझाइन मनापासून आवडलं.

यानंतरच तंत्राकडे वळा. दोघांनी एकाच वेळी एकच गोष्ट बदलली तर काय करायचं, हा इथला कळीचा प्रश्न. एलिस आणि गिब्स यांनी 1989 साली मांडलेलं ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन (एकाचा बदल दुसऱ्याच्या बदलाशी जुळवून घेण्याची पद्धत), नंतर आलेलं सीआरडीटी (बदल कुठल्याही क्रमाने आले तरी आपोआप एकत्र होतील अशी माहितीची रचना), हे शिकवाच. वायजेएससारखी (Yjs) सीआरडीटीची तयार लायब्ररी मुलं पटकन उचलतात. पण जोडीला रेल्वेचा गोळा दाखवा. टोकन पद्धत असलेल्या एकेरी मार्गावर दोन स्टेशनांत नील्स टोकन यंत्रं एकमेकांना विजेने जोडलेली असतात. एका यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर आला की तो कुठल्याही एका यंत्रात परत जाईपर्यंत दुसरा निघत नाही, आणि गोळा हातात असल्याशिवाय चालक त्या टप्प्यात गाडी घालत नाही. मजकुरात दोघांचे बदल एकत्र करता येतात, गाड्यांच्या बाबतीत तसं चालत नाही. मग बचत गटाचं कर्ज? पेटीत दहा हजार आहेत आणि दोन फोनवरून दोघींना दहा-दहा हजार मंजूर झाले, तर दोन्ही नोंदी व्यवस्थित एकत्र करून देणारं सॉफ्टवेअर गटाला गोत्यात आणेल. हप्त्याच्या नोंदी एकत्र होऊ द्या, कर्जाला गोळा लावा. हा निर्णय कामाकडे बघून होतो. अल्गोरिदमचं पुस्तक तो देत नाही, आणि मुलांना हे स्वतःहून सुचलं की शिकवण्याचं चीज होतं.

चाचणीसाठी आमचा एक खेळ आहे. दोन वर्गखोल्या, दोन्हीकडे कागदावर काढलेले स्क्रीन, आणि चिठ्ठ्या घेऊन पळणारा एक विद्यार्थी म्हणजे सर्व्हर. मधेच त्याला जिन्यात थांबवायचं. पलीकडे लगेच ‘अरे, गेलं का माझं?’ अशी ओरड सुरू होते, आणि ‘पाठवलं’ व ‘पोचलं’ यांतला फरक स्क्रीनवर का दाखवायचा, हे सांगावं लागत नाही. एकेकट्या वापरकर्त्याला समोर बसवून केलेली चाचणी या विषयात फारशी कामाची नाही. निदान तिघं एकाच वेळी वापरताना पाहा.

गुणांचं थोडक्यात सांगते. गिटवरच्या (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रणालीतल्या) कमिटवरून, म्हणजे नोंदींवरून, कुणी किती काम केलं ते ठरवू नका, बऱ्याचदा ज्याचा लॅपटॉप चांगला त्याच्याच नावावर सगळं चढतं. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला आपला सोडून दुसऱ्याचा भाग समजावून सांगायला लावा. गटात बोलणं झालंय की नाही, ते पाच मिनिटांत कळतं.

वेळापत्रकाचंही आधीच बघून ठेवा. गटाची बैठक महिन्यातून एकदाच असते आणि ठरलेली तारीख तुमच्यासाठी हलत नाही. पहिली भेट गणपतीच्या आधी झाली, तर डिझाइन घेऊन दुसरी भेट दिवाळीआधी जमते. ही दुसरी भेट सबमिशनच्या गडबडीत गाळू नका. वर्गात वाहवा मिळवलेलं काय काय सतरंजीवर चालत नाही, ते मुलांना तिथेच दिसतं आणि दुरुस्तीला अजून वेळही हातात असतो.