शिफ्ट ड्युटीवाल्यांनी सुट्टीचा हिशोब कसा ठेवायचा

पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), ग्रामीण रुग्णालय, जेल, पाणीपुरवठा अशा ठिकाणी असलेल्या भावाबहिणींनो, 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा झाला पण अत्यावश्यक सेवा त्यातून वगळल्या आहेत, म्हणून तहसीलवाले शनिवारी घरी अन् आपण ड्युटीवर काहून हे सोडा, आपला हिशोब रोस्टरवरून (ड्युटीच्या तक्त्यावरून) मांडा.

जानेवारीतच दोन याद्या मिळवा. एक शासनाची सार्वजनिक सुट्ट्यांची, दुसरी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक सुट्ट्यांची. आपल्याकडं पोळा, तान्हा पोळा बऱ्याचदा दुसरीत राहते, अन् शेजारच्या जिल्ह्याची यादी वेगळी असू शकते. रोस्टरच्या ऑफलाच सण आला तर त्याच्याबदली दुसरा दिवस आपोआप भेटत नाही.

सणाला ड्युटी लागली तर नुसत्या फोनवर जाऊ नका, आदेश लेखी मागा, हे सगळ्यात महत्त्वाचं. नाइट असली तर 14 ऑगस्ट रात्री 8 ते 15 ऑगस्ट सकाळी 8 असं पूर्ण लिहून घ्या, कारण मस्टरवर (हजेरीपटावर) एकच तारीख चढली की 15 तारखेचं काम कागदावर दिसतच नाही अन् मग त्या दिवसाच्या बदल्यात सुट्टी कशाच्या जोरावर मागणार? या सुट्टीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या, आपल्या कॉपीवर आवक नंबर अन् शिक्का घ्या.

किरकोळ रजा (सीएल) वर्षाला 8, उरली तर 31 डिसेंबरला संपली. पोलिसांत शिपायापासून निरीक्षकापर्यंत 2022 मध्ये 12 च्या 20 केल्या. किरकोळच्या मधात साप्ताहिक ऑफ आला तर तो रजेत मोजत नाही, म्हणजे सोमवारी सीएल, मंगळवारी ऑफ, बुधवारी सीएल, तर दोनच कटतात. अर्जित रजेत मात्र मधातला ऑफ पण मोजल्या जाते, आधी-मागून सुट्टी जोडायची तर अर्जातच परवानगी मागा. अर्जित रजा 1 जानेवारी अन् 1 जुलैला 15-15 दिवस जमा होते, सेवापुस्तकात ते चढलं का हे वर्षातून एकदा तरी स्वतः पाहा, क्लार्कवर सोडू नका.

साहेब कामाच्या गरजेपायी रजा नाकारू शकतात, रजा हक्क म्हणून मागता येत नाही. पण महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम 1981 नुसार तुम्ही मागितलेल्या रजेचा प्रकार ते स्वतःहून बदलू शकत नाहीत, म्हणून अर्जात प्रकार स्पष्ट लिहा.

एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) कंत्राटी लोकांनी हे आकडे धरू नये, तुमचा करारनामा काय म्हणते तेच चालते.