स्कूटरचा व्हेरिएटर परत बसवताना

भाच्याची अ‍ॅक्टिव्हा गेल्या पावसाळ्यात हिंदमाताच्या पाण्यातून काढली आणि दुसऱ्या दिवसापासून ती नुसतीच ओरडायला लागली. रेस दिली की आवाज वाढायचा, पण गाडी पुढे सरकायची नाही. बेल्ट घसरत होता, म्हणजे व्हेरिएटर (इंजिनच्या वेगाप्रमाणे बेल्टचा गिअर आपोआप बदलणारी पुढची पुली) खोलून बघणं आलं. "मामा, तुम्ही गोदीत फिटर होतात, तुम्हीच बघा," म्हणाला आणि काळाचौकीला चाळीच्या अंगणात गाडी आणून लावली.

खोलणं सोपं असतं. आजूबाजूची चार पोरंही हौसेनं खोलून देतात. घोळ होतो तो बसवताना. म्हणून खोलण्याबद्दल एकच सांगतो: कालनिर्णयचं मागच्या महिन्याचं पान जमिनीवर पसरा. पहिला सुटलेला भाग 1 तारखेच्या चौकोनात, दुसरा 2 तारखेला, असं ठेवत जा. काढताना त्याची जी बाजू तुमच्याकडे होती, तीच वर. बसवताना तारखा उलट्या मोजायच्या. कव्हरचे बोल्ट मात्र पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्या-त्या जागी टोचून ठेवा, कारण त्यांची लांबी सारखी नसते. लांब बोल्ट छोट्या भोकात गेला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले म्हणून समजा.

बसवण्याआधी सफाई. पुलींचे उतरते चेहरे, ज्यांच्यामध्ये बेल्ट दाबला जातो, ते कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसा. तिथं तेलाचं बोट लागलं तरी नवा बेल्टसुद्धा घसरतो. व्हेरिएटरच्या आतले छोटे गोल वजनं, म्हणजे रोलर, हातावर घेऊन फिरवून बघा. एका बाजूनं चपटा झाला असेल तर सहाच्या सहा बदला, पाच जुने एक नवा असली काटकसर नको. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला रोलर घेताना जुना सोबत न्या, कारण दिसायला सारखे असले तरी वजन वेगळं असतं. वजन बदललं की पिकअप बदलतो.

ग्रीसबद्दल आमच्या चाळीत प्रत्येकाचं मत आहे. माझं असं की अशा कोरड्या व्हेरिएटरमध्ये रोलरला ग्रीस लावायचंच नाही. गरमीनं ते पातळ होतं, फेकलं जातं आणि थेट बेल्टवर येतं. मागच्या पुलीच्या तिरप्या खाचांमध्ये ज्या पिना फिरतात तिथं थोडं, बेअरिंगला थोडं, बस्स. आणि मागच्या क्लचच्या मधला मोठा नट घरी उघडू नका. त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग आहे, ती तोंडावर येते.

आता पुढचा भाग. रोलर आपापल्या घरात बसवा, जुन्याची प्लास्टिकची बाजू जिकडे होती तिकडेच नव्याची. वर मागची पत्र्याची प्लेट, तिच्या तीन टोकांना तीन प्लास्टिकचे तुकडे. मग या सगळ्याला एका हातानं मागून-पुढून घट्ट धरा आणि सोडू नका. प्लेट जरा मागे सरकली की एखादा रोलर घरातून उडी मारून आडवा होतो, आणि तुम्हाला बाहेरून काहीच दिसत नाही. तसंच धरून क्रँकच्या शाफ्टवर सरकवा, मधली बुश (लोखंडी नळी) आत घाला. त्याआधी एकदा कानाशी नेऊन हलवून बघा. खडखड वाजलं तर परत उघडा.

बेल्टवर बाण असतो. बेल्टची वरची बाजू हँडलकडे धावते, म्हणून वर दिसणारा बाण हँडलकडे.

आता मी जिथं फसलो ते ऐका. बेल्ट आधी मागच्या पुलीत घाला आणि मागचा भाग शाफ्टवर बसवून क्लचचा डबा आणि त्याचा बाहेरचा नट (मघाचा स्प्रिंगवरचा नव्हे) लावून घ्या. मग पुलीचे दोन्ही चेहरे हातानं फाकवून बेल्ट पार खाली, मध्याकडे दाबा. जोर लागतो, स्प्रिंग जिद्दी असते. बेल्ट मागे खोल गेला की पुढे ढिला पडतो, आणि तो ढिलेपणाच आपल्याला हवा असतो. तो पुढे बुशवर सैल लोंबला पाहिजे. मग पंख्याची पुली, म्हणजे पुढच्या पुलीचा पाती असलेला बाहेरचा चेहरा, लावायची. मी त्या दिवशी मागे दाबायचं विसरलो. बेल्ट पुढे ताठ होता, पुली त्याच्यावर टेकली, आणि मी नट कसला. पान्याला टणक लागलं म्हणून खूश झालो. प्रत्यक्षात पुली बुशला टेकलीच नव्हती, मध्ये बेल्ट चिमटला होता. राणीबागेपर्यंत गाडी गेली. तिथं बेल्टनं आपली जागा करून घेतली, नट ढिला पडला आणि शाफ्टचे दाते खाल्ले. एकतीस वर्षं नट-बोल्टात काढलेल्या माणसानं टेम्पोतून गाडी परत आणली. भाचा अजून सांगतो सगळ्यांना.

म्हणून ही खूण लक्षात ठेवा: नट बोटांनीच शेवटपर्यंत गेला पाहिजे, आणि वॉशर लावायच्या आधी शाफ्टच्या दात्यांची टोकं पुलीच्या भोकातून दिसली पाहिजेत. दिसत नसतील तर बेल्ट अडकलाय. पान्याचा जोर लावू नका, मागे परत दाबा.

शेवटचं आवळणं टॉर्क पान्यानं (किती जोरात आवळलं ते दाखवणारा पाना). आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, शेजाऱ्याच्या गाडीचा घेऊ नका. पुली धरायला होल्डर वापरा. पंख्याच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवला की पातं तुटतं.

नट बसल्यावर पंखा हातानं फिरवत राहा, मागचा बेल्ट हळूहळू वर चढतो आणि ताण येतो. आला की कव्हर. डॉवेल (कव्हर जागेवर बसवणाऱ्या छोट्या पिना) आणि पॅकिंग विसरू नका, बोल्ट आडव्या क्रमानं थोडे-थोडे कसा. किक आधी हातानं दाबून बघा, अडकली तर कव्हर काढून तिचे दाते नीट बसवा.

मग डबल स्टँडवर गाडी सुरू करा, मागच्या चाकापासून पोरांना लांब ठेवा. नुसत्या आयडलला चाक जोरात फिरत असेल तर क्लच चिकटतोय. हळू रेस द्या. ठोके आले तर बंद करा, रोलर आडवा आहे. नाही आले तर लालबागच्या गल्लीतून एक चक्कर, मग परत येऊन कव्हरचे बोल्ट पुन्हा तपासा.